मयत तर्फे वारस

जमिनीच्या जुन्या दाव्यांत वादीच्या नावाच्या जागी ‘मयत अमुक तर्फे वारस’ अशी ओळ आढळते. पक्षकार वारला की ९० दिवसांत वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज करावा लागतो, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो. ही ओळ त्यातून आलेली. तिच्यातला ‘मयत’ अरबीतून आलेला, वर कोरडा. त्याऐवजी ‘दिवंगत’ लिहावे, असे कुणालाही वाटेल. मला मात्र हा शब्द तिथे टिकायलाच हवा असे वाटते. कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी हे सारे शब्द गेलेल्या माणसाला कुठेतरी पोचवतात. ‘दिवंगत’मध्येही स्वर्ग आहेच. माणूस कुठे गेला हे दिवाणी कोर्टाने ठरवायचे नसते. तो आता नाही, एवढेच नोंदवायचे असते. घरच्यांना हे रुक्ष वाटेल, पण दुःखासाठी तेराव्याची पत्रिका आहे, तिथे ‘कै.’ शोभतो. मग शुद्ध ‘मृत’ का नको? अर्थाने चालेल; पण ‘मृताला गेलेत’ असे कोणी म्हणत नाही, ‘मयतीला गेलेत’ म्हणतात. कारकुनाचा आणि शोक करणाऱ्याचा शब्द एकच असणे ही कायद्याच्या भाषेत दुर्मीळ गोष्ट आहे. ‘सदोष मनुष्यवध’ समजायला वकील लागतो.

बोलीने तर याहून मोठी मजल मारली आहे. गावाकडे ‘मातीला जाऊन आलो’ म्हणतात, आणि तिथे चिता पेटलेली असते. मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, गोसावी दफन करतात. दहन करणाऱ्यांच्या घरीही तान्ह्या मुलाला पुरतात, संन्याशाला समाधी देतात. खड्ड्याशी उभा असलेला प्रत्येकजण मूठभर माती लोटतो. ती मूठ भाषेत इतकी मुरली, की सरण रचणारेही जुन्या चालीला अग्नी देत नाहीत, मूठमाती देतात. एकाच गावात स्मशान, कबरस्तान आणि लिंगायतांची रुद्रभूमी वेगवेगळ्या असल्या, तरी ‘माती’ सगळ्यांची झाली. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१ याच समजुतीचे आहे: दफनाची जागा असो की अंत्यविधीची, भावना दुखावण्याच्या हेतूने तिथे घुसणे गुन्हाच. बोलीला आणि कायद्याला जे एकत्र धरता आले, ते अर्जातल्या एका आदरार्थी शब्दाने कशाला वेगळे करायचे? सातबाऱ्यावरचा खातेदार वारला, तर वारसांनी ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तो अर्ज लिहाल तेव्हा ‘मयत’ हाच शब्द लिहा.