नानांची पेटी आणि सत्तावीस पाती

बडोद्याच्या मराठी घरांत वारसा म्हणून काय येतं? देव, तांब्या-पितळेची भांडी, एखादी विरलेली पैठणी, भिंतीवर सयाजीराव महाराजांचा फोटो. आम्हा तिघा भावंडांच्या वाट्याला यांपैकी थोडंथोडं आलंच, पण त्याशिवाय आली एक सागवानी पेटी. तिच्यात होती सत्तावीस पाती. म्हणजे सुऱ्या, चाकू, जंबिये, अडकित्ते, कट्यार, काय म्हणाल ते. त्यांतली दोन तर लाकडाची होती, पण नाना ती मोजायचे, म्हणून आम्हीही सत्तावीसच म्हणतो.

नाना म्हणजे आमचे वडील. ते १९४४ साली बडोदे संस्थानच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, १९६० साली गुजरात राज्य झालं. नाना गमतीनं म्हणायचे, "मी एकाच खुर्चीवर बसून तीन सरकारं पाहिली." तरुणपणी ते दांडिया बाजारात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात. माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावानं हा आखाडा नावारूपाला आणला, हे बडोदेकरांना सांगायला नको. लाठी, मलखांब, जंबिया हे सगळं तिथं शिकवत. नानांना जंबियाचं वेड लागलं, आणि या संग्रहाचं मूळ तिथं आहे.

विलीनीकरणानंतर बऱ्याच मानकऱ्यांच्या घरांतून जुनं सामान बाहेर पडलं, असं नाना सांगत. काही शुक्रवारी बाजारात आलं, काही भंगारात गेलं. कारकुनाच्या पगारात जे बसेल ते नाना उचलत. आई कपाळाला हात लावायची. "लोक बायकोला पाटल्या करतात, आमच्याकडे चाकू येतात," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आजही कानात आहे.

पेटी वर्षातून एकदाच उघडायची, खंडेनवमीला. पाटावर पांढरं कापड, त्यावर सगळी पाती ओळीनं, आणि शेवटी नानांची दौत-लेखणी आणि आईची विळी. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याची पूजा आधी, असं नाना म्हणत. मी बँकेत लागल्यावर माझं फाउंटन पेनही त्या ओळीत आलं.

नाना २००९ साली गेले. आई होती तोवर पेटीचा विषय निघाला नाही. आई २०२२ मध्ये गेली आणि जुनं घर रिकामं करायची वेळ आली. मी आता चौऱ्याहत्तरचा. थोरली ताई इंदूरला, धाकटा भाऊ इथंच, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. माझी मुलगी कॅनडात. सत्तावीस पात्यांची पेटी कोण ठेवणार?

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. "दादा, विकून टाकू. तीन भाग करू." त्यानं अहमदाबादचे एक गृहस्थ आणलेही. त्यांनी अर्ध्या तासात पेटी चाळली, कट्यार, पेशकब्ज आणि बिचवा बाजूला काढला आणि तिघांचे मिळून साठ हजार म्हणाले. बाकीचं वजनावर. मी विचारलं, शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली परवाना लागतो, तो आपल्याकडे असेलच ना? त्यांनी चहा संपवला आणि फोन करतो म्हणाले. तो फोन अजून यायचाय.

मुलीला कट्यार हवी होती. घरी भिंतीवर लावीन म्हणाली. पण त्याच कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची पुराणवस्तू कुणालाही आपल्या मर्जीनं देशाबाहेर नेता येत नाही. मुलगी थोडी रुसली. मग म्हणाली, "बाबा, मग मला असं द्या जे नानांनी हातात धरलेलं मला आठवतंय." हे वाक्य पुढं फार उपयोगी पडलं.

बँकेतल्या माणसाला काही सुचेनासं झालं की तो रजिस्टर आखतो. मीही आखलं. अनुक्रमांक, वस्तू, पात्याची लांबी, रुंदी, मूठ कशाची, आणि शेवटचे दोन रकाने: एक 'पाहिलेलं', दुसरा 'ऐकलेलं'. पात्यावर छाप आहे, मुठीला चीर आहे, हे पाहिलेल्यात. अमक्या लढाईत वापरली, हे ऐकलेल्यात. हे दोन रकाने वेगळे ठेवल्यानं घरातली निम्मी भांडणं मिटली.

आखाड्यातले जंबिये चार: दोन लाकडी, दोन बोथट पोलादी. जंबिया म्हणजे दोन्हीकडून धारेचा, वाकडा. अरबांकडून आला आणि आपल्याकडच्या आखाड्यांत रुळला.

शस्त्रं सहा. कट्यारीची मूठ इतर सुऱ्यांसारखी नसते. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडवी पकड, ती मुठीत धरून सरळ ठोसा मारायचा. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वाकलेला, म्हणून ते नाव. पेशकब्जाची पाठ जाड, टोक निमुळतं, चिलखताच्या कड्यांतून घुसण्यासाठी. शिवाय एक खंजीर, एक कुकरी, आणि काठीत लपवलेली गुप्ती.

खिशातले चाकू सात. त्यांत दोन शेफील्डचे, रॉजर्स कंपनीच्या छापाचे. त्यातल्या एकाबद्दल नाना सांगत की तो पणजोबांना पेंढाऱ्याकडून मिळाला. पाहिलेल्या रकान्यात इंग्लंडच्या गावाचं नाव आलं, ऐकलेल्यात पेंढारी. ताई हसून म्हणाली, "पेंढारी विलायतेला शिकायला गेला असेल." एक रामपुरी, हिंदी सिनेमात खटका दाबून उघडतात तसला. एक पेन्सिल तासायचा. आणि तीन कच्छच्या रेहा गावचे. हे तीन मी आणलेले. १९८६ साली माझी बदली भुजला होती. रेहाला घरोघर चाकू, सुऱ्या, सूड्या बनतात. सूडी म्हणजे आपला अडकित्ता. नानांनी पत्रात लिहिलं होतं, "तिकडे आहेसच तर रेहाचे आण, आणि बनवताना पाहून ये." मी पाहून आलो आणि चार पानी पत्र लिहिलं. ते पत्र पेटीच्या तळाशी सापडलं. पितळी मुठीला रिवेट कशी ठोकतात त्याचं मी काढलेलं चित्रसुद्धा.

राहिल्या घरातल्या दहा वस्तू: विळ्या दोन, अडकित्ते चार, भाजीच्या सुऱ्या तीन, कोयता एक. अहमदाबादच्या गृहस्थांनी याच ढिगाला भंगार म्हटलं होतं.

नंतर कायद्याचा भाग. हा जरा नीट वाचा, कारण अशा वस्तू पुष्कळ घरांत माळ्यावर असतात. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे आत्ताचे नियम २०१६ चे. त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं एका वर्गात घातली आहेत. घरकामाची, शेतीची, उद्योगाची अवजारं त्यातून वगळली आहेत. परवाना लागतो की नाही, हे आपला भाग सरकारनं अधिसूचित केलाय की नाही यावर ठरतं. म्हणजे विळी-कोयत्याला भिण्याचं कारण नाही, पण कुकरी-गुप्तीबद्दल आपल्या गावात विचारलं पाहिजे. मी आईच्या शिवणाच्या टेपनं मापं घेतली. कट्यार साडेआठ इंच लांब, पण मुठीपाशी सव्वादोन रुंद. म्हणजे मापाबाहेर. कुकरी, पेशकब्ज, खंजीर, रामपुरी लांबीत बाहेर. गुप्तीसारखी काठीतली तलवार तर नियमात नावानिशी आहे. एका वकील स्नेह्यांकडून अर्ज लिहून घेतला, फोटो जोडले आणि पोलीस आयुक्त कार्यालयात देऊन पोच घेतली.

संग्रहालयात काम केलेले एक जाणकार घरी आले. त्यांनी आधी हातमोजे घातले, तेव्हाच धाकटा गंभीर झाला. कट्यार उन्हात तिरकी धरून ते म्हणाले, "हे जौहरदार पोलाद असावं. पाण्यासारख्या लाटा असायच्या, आता घासून गेल्यात." आमच्याकडे पिढ्यानपिढ्या खंडेनवमीआधी चिंच आणि राखेनं पाती लख्ख करत. त्यांनी सांगितलेलं इथं लिहून ठेवतो. जुन्या पात्याला चिंच, लिंबू, राख, पॉलिश काही लावू नये. मऊ कापडानं पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. उघड्या बोटांनी पात्याला हात लावू नये, घामातल्या मिठानं गंज धरतो. आणि पातं चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नये, चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, पातं वेगळं.

त्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते माझं रजिस्टर. म्हणाले, वस्तू पुष्कळ येतात, पण कुणाच्या घरातून, कशी आली, हे सांगणारं कोणी नसतं. त्या माहितीविना कट्यार म्हणजे नुसतं लोखंड.

आता खरा प्रश्न. कट्यार, पेशकब्ज, बिचवा संग्रहालयाला द्यावेत असं मला वाटत होतं. पण ते माझ्या एकट्याचे नव्हते. धाकटा म्हणाला, "दादा, तू दानशूर होणार आणि माझा तिसरा हिस्सा त्यात जाणार." लागलं मला ते. पण हिशेबानं तो बरोबर होता. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचं कर्ज चालू आहे. माझी पेन्शन आहे. मोठ्या मनाचा उपदेश मोठ्या पेन्शनवाल्यानं करणं सोपं असतं. मी ठेव मोडून साठ हजारांचा तिसरा हिस्सा, वीस हजार रुपये, त्याच्या खात्यात भरले. त्यानं ते घेतले. बरं झालं घेतले. त्यानंतर आम्ही पेटीपाशी बसून मोकळेपणानं बोलू शकलो. ताईलाही तेवढेच देऊ केले. ती म्हणाली, "मला पैसे नकोत. लाकडी जंबिये कुणाला देणार आहेस?"

मग तिनं सांगितलेली गोष्ट आम्हा दोघा भावांना माहीत नव्हती. आम्ही आखाड्यात जायचो त्या वेळी नाना तिला मागच्या अंगणात जंबिया शिकवायचे. आईला सांगितलं होतं की ताई बाबांना तुळशीला पाणी घालायला मदत करते. सत्त्याहत्तर वर्षांची माझी बहीण उठली, पदर खोचला, लाकडी जंबिया हातात घेतला आणि पाच-सहा हात करून दाखवले. गुडघा दुखत होता, पण मनगट असं फिरलं की धाकटा उभाच राहिला. मला आठ वर्षं आखाड्यात जाऊन ते मनगट कधी आलं नव्हतं. ती म्हणाली, "नातींना शिकवतेय. फुटपट्टीनं किती दिवस शिकवू?"

तिथं वाटणी ठरली. मुलीचं वाक्य होतंच: हातात धरलेलं आठवतंय ते द्या. ताईच्या जंबियानं त्याला जोड मिळाली: ज्याच्या हाताला येतं, त्याला द्या. लाकडी जंबिये इंदूरला गेले. पोलादी दोन इथल्या एका व्यायामशाळेत, जिथं अजून तो डाव शिकवतात. कट्यार, पेशकब्ज, बिचवा रजिस्टरच्या नकलेसह संग्रहालयाकडे. खंजीर, कुकरी, गुप्ती, रामपुरी यांत त्यांना रस नव्हता. त्या चारही पोलिसांकडे जमा करून पावती घेतली. खंजीर देताना जीव थोडा अडकला, खोटं कशाला बोलू. पण उद्या आमच्यामागे कुणा नातवाला तो माळ्यावर सापडून त्याच्यामागे लचांड लागण्यापेक्षा हे बरं.

एक विळी ताईला, एक धाकट्याच्या बायकोला. सुऱ्या तिघांकडे एकेक. कोयता पादऱ्याजवळ शेती करणाऱ्या चुलतभावाला, त्यानं दुसऱ्याच दिवशी कामाला लावला. अडकित्ते खाणारे आता कमी, तरी चारही घरांत राहिले. शेफील्डचे दोन आम्हा भावांना. पेंढाऱ्याचा धाकट्यानं मागून घेतला. रेहाचा एक ताईच्या मुलाला, एक पुतण्याला, आणि एक मुलगी कॅनडाला घेऊन गेली, अर्थात मोठ्या बॅगेत, हातातल्या नव्हे. नाना त्या चाकूनं तिला पेरू कापून द्यायचे, तिखट-मीठ लावून. पेन्सिलीचा माझ्याकडे.

रिकाम्या पेटीत आता रजिस्टर आहे आणि भुजहून लिहिलेलं पत्र. गेल्या खंडेनवमीला व्हिडिओ कॉलवर चार घरांनी आपापल्या पाटावर आपापलं पातं ठेवलं. मुलीनं ते थंडीत खिडकीपाशी ठेवलं होतं, शेजारी तिचा लॅपटॉप. पुतण्यानं विचारलं, "काका, सगळी मिळून किती झाली?" रजिस्टर उघडून मी मोजून सांगितलं. घरात राहिलेली अठरा.

मंडळी, गोवा, बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद, जिथं जिथं आपली जुनी घरं आहेत तिथं अशी एखादी पेटी असणारच. विकायची की ठेवायची हे नंतर ठरवा. आधी एक वही आखा, आणि ज्यांना माहिती आहे त्यांना समोर बसवून लिहून घ्या. पाहिलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे. आणि हो, घरातल्या बायकांनाही विचारा. तुमच्याकडे काय आहे, ते खाली जरूर लिहा.