वेगळी बादली

कुर्ल्यातल्या भंगारच्या एका गाळ्यात मी जुने मॉनिटर उघडायला शिकत होते, त्या दिवसांत मला नुकतेच दिवस गेले होते. तिथं कुणालाच हे सांगितलं नव्हतं. मला काम शिकवणाऱ्या चाचांच्या बायकोनं, चाचींनी ओळखलं. चाचा शेगडीवर मदरबोर्ड तापवत होते. डाग वितळला की चिमट्यानं एकेक चिप उचलून डब्यात टाकायची. मी शेजारी बसून त्यांचे हात रेखाटत होते. चाचींनी हातातलं काम टाकलं, माझा दंड धरला.

"उठ बेटा. इधर नहीं बैठने का."

मी म्हटलं, चाचाही बसलेत की.

"उनके पेट में बच्चा है क्या?"

त्यानंतर शेगडी पेटली की माझं स्टूल गल्लीत, वारा येतो त्या बाजूला. गाळ्यात शिरताना चाचींचा जुना कुडता अंगावर चढवायचा, निघताना तिथंच काढून ठेवायचा. हात-तोंड धुतल्याशिवाय चहा मिळत नसे. मी नाराजीनंच ऐकत होते. शिसं आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळापर्यंत पोहोचतं, हाडांत साठलेलं जुनं शिसंही गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं, हे मला नंतर माझ्या डॉक्टरांनी समजावलं. मुलांच्या मेंदूला ते फार थोड्या प्रमाणातही बाधतं. चाचींना त्या धातूचं नावही घ्यायची गरज पडली नव्हती. त्यांचं माहेर मुरादाबादचं. पितळेच्या भांड्यांसाठी नाव कमावलेलं हे शहर. धातू वितळवायचं कसब तिथं घरोघर असल्यामुळे दिल्लीकडून चिपा काढलेले बोर्डही तिकडेच जाऊ लागले. ते जाळायचे, तेजाबात टाकायचे, राख रामगंगेच्या पाण्यात धुवायची आणि तांबं वेगळं काढायचं. घराच्या अंगणात, बायका-मुलांच्या हातून. कुठल्या घरातली मुलं कशी वाढली, हे चाचींनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांच्या स्वतःच्या वेळी त्यांना शेगडीजवळून उठवणारं कुणी नव्हतं. यापुढचं त्यांनी मला सांगितलं आहे, लिहायची परवानगी मात्र दिलेली नाही.

चाचांचं माझ्यावरचं ऋण वेगळं. मॉनिटर बंद असला तरी ट्यूबमध्ये विजेचा भार उरतो, तो आधी उतरवायचा. मग ट्यूबच्या मानेच्या टोकाचं काचेचं बोंड अलगद मोडायचं. बारीक फुस्स करत हवा आत शिरते. ती शिरू दिली नाही आणि काचेला तडा गेला, तर अख्खी ट्यूब आतल्या आत फुटून काचा अंगावर येतात. मग मानेवरचा योक, म्हणजे तारेचं वेटोळं, निघतो. तांबं त्यात, म्हणजे पैसा त्यात. मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसं मिसळलेलं असतं, आणि पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली भुकटी नुसत्या श्वासानंही उडते. ती काच कुणालाच नको असते. चाचा प्रत्येक ट्यूबपाशी मला थांबवून विचारायचे, आता काय करशील? माझ्या कलाशिक्षणात माध्यमाचा एवढा आदर मला कुणी शिकवला नव्हता.

तोवर इ-कचऱ्यावरचं कलेतलं मी जे पाहिलं होतं, ते दुरून. पीटर ह्यूगोनं घानातल्या आग्बोग्ब्लोशीच्या भंगारबाजारात काढलेली छायाचित्रं २०११ मध्ये पुस्तकरूपानं आली. धुरात उभे असलेले तरुण थेट आपल्या डोळ्यांत बघतात. ती चित्रं मोठीच आहेत, ती पाहूनच मी या वाटेला लागले. पण त्या तरुणांना काय येतं, ते चित्रांतून कळत नाही. कृष्णराज चोनाट यांनी त्याच वर्षी पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात एका बाजूला इ-कचरा आणि दुसऱ्या बाजूला चंदनी साबण अशी भिंत उभी केली होती. ती मी फोटोतच पाहिली, तरी वासाला कलाकृतीत जागा असते हे मला तिनं शिकवलं. आग्बोग्ब्लोशीचा बाजार २०२१ च्या जुलैत सरकारी यंत्रणेनं जमीनदोस्त केला. काम संपलं नाही, पांगलं. संपणार कसं? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इ-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद त्यातल्या पावभागाचीसुद्धा नाही. उरलेल्यातला बराचसा कुणाच्या ना कुणाच्या शेगडीवर किंवा उकिरड्यावर जातो.

मुलगी झाल्यावर मी चाचींच्या घरी गेले, तेव्हा ती बादली पाहिली. चाचांचे कामाचे कपडे त्या कायम वेगळ्या बादलीत भिजवत. नातीचं झबलं तिच्या जवळपासही जायचं नाही. नातीला उचलण्याआधी चाचांनी अंघोळ करायची, हा घरचा नियम. मी त्या पाण्याकडे बघत राहिले, तशा चाची सहज बोलून गेल्या: हे राखाडी म्हणजे आज मॉनिटर फोडले. काळं आलं की प्रिंटरची शाई. हिरवट झाक आली की तेजाबवाल्याकडे जाऊन आलेत, मला सांगत नाहीत. नवऱ्याचा अख्खा दिवस त्या धुण्याच्या पाण्यात वाचत होत्या.

माझी कलाकृती तिथं ठरली. काचेच्या बरण्यांत तेच पाणी, तळाशी बसलेला गाळ, आणि वर दोरीवर चाचांचे धुतलेले शर्ट. चेहरे दाखवायचे नाहीत ही चाचांची अट होती. "गरीब मत दिखाना, कारीगर दिखाना." बरण्यांचा क्रम चाचींनी स्वतः लावला. कोणता दिवस कोणाशेजारी ठेवायचा, ते त्यांनाच ठाऊक होतं. कलाकार म्हणून प्रदर्शनातल्या फलकावर आम्हा दोघींचा उल्लेख आहे, त्यांचा त्यांनी सांगितला तसा: अमक्याची आजी, एवढाच.

एका संग्राहकानं बरण्या मागितल्या. मला विकायच्या नव्हत्या. त्या घरातलं इतकं खासगी काही कुणाच्या दिवाणखान्यात जावं, हे मनाला पटेना. चाची माझ्यावर रागावल्या. "मैला पानी है, बेच दो. गाले में फैन लगाना है." विकल्या. निम्म्या पैशांत शेगडीवर धूर ओढून घेणारा पंखा बसला, जेवणाचे डबे ठेवायला दाराबाहेर फळी झाली, नातीच्या रक्तातलं शिसं तपासून झालं. ते असायला हवं त्यापेक्षा जास्त निघालं. डॉक्टरांनी लोह नि कॅल्शियम असलेला आहार सांगितला, पुन्हा तपासणीची तारीख दिली. माझ्या मुलीचं तेव्हाच तपासून घेतलं होतं. तिचा आकडा मी चाचींना सांगितला तेव्हा त्या हसल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. पंखा चांगला चालतो, पण धूर आता शेजारच्या गाळ्याच्या दारात जातो, आणि तिथल्या बाईला दिवस गेलेत. पत्र्याची नळी छपराच्या वर न्यायला हवी. गाळामालकाशी बोलणी चाचीच करताहेत. मी पत्रेवाल्याकडून भाव काढते आहे.