आपल्या चुक्याची साई भाजी

भाजी पिकवणाऱ्याने ती कोण खातो आणि कशी खातो हे एकदा तरी पाहावे, असे मी गावोगावच्या बैठकांत सांगत आलो आहे. पीक हाती येईपर्यंत आपण त्याला जिवापाड जपतो. टोपली बाजारात उतरली की पुढचे आपल्याला ठाऊक नसते. मग जुडी परत का आली, हेही कळत नाही.

बदलापूरकडच्या आमच्या तात्यांचे तसेच झाले. वीस गुंठ्यांत ते पालक, शेपू आणि आंबट चुका करतात. गेली पंचवीस वर्षे त्यांचा माल उल्हासनगरला जातो. यंदा चुक्याच्या जुड्या परत येऊ लागल्या, तेव्हा म्हणाले, "साहेब, चुका मोडून टाकावा म्हणतो."

मी म्हटले, "मोडा, पण आधी तो जिथे शिजतो तिथे एकदा जेवून येऊ."

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या जागी लष्कराचा तळ होता. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून आलेली सुमारे लाखभर माणसे तिथल्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' हे पत्ते मात्र आजही चालतात. या लोकांची घरे आणि जमिनी तिकडेच राहिल्या. बरोबर आली ती जिभेची चव.

रविवारची दुपार होती. उपाहारगृह माणसांनी फुलले होते. पोरे पापड मोडत होती, टेबलाटेबलांवरून हाका चालल्या होत्या. तात्या दारातच थबकले. "आपण मागच्या दाराचे," म्हणाले. मी हाताला धरून त्यांना आत नेले.

आधी दाल-पकवान आले : मऊ शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि मैद्याची कडक, कुरकुरीत पुरी. मग कढी-भात. सिंधी कढीत ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजून, पाणी घालून ती उकळतात. आंबटपणा चिंचेचा, आणि आत गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा. तळ्याच्या चिखलात वाढणारी कमळकाकडीही ताटात होती. शेवटी हिरवीगार साई भाजी आली. 'साई' म्हणजे हिरवी. तात्यांनी घास घेतला आणि थांबले. "साहेब, हा तर आपला चुका!"

गल्ल्यावरच्या आजींनी ते ऐकले. त्यांचा जन्म कॅम्पातला. सिंध त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेला. त्या तात्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुमचा माल आता जून येतो. चुक्याचे दांडे शिजत नाहीत, शेपूला फुले असतात. चुक्याशिवाय साई भाजी होत नाही, म्हणून नाइलाजाने दुसरीकडून घेते. कोवळा आणा, रोज घेईन."

दोष चुक्यात नव्हता. तात्या सगळा वाफा एकदम पेरत, आणि माल सरेपर्यंत उरलेला जून होई. परत येताना लोकलमध्येच आम्ही ठरवले : वाफ्याचे चार भाग करायचे, दर आठ-दहा दिवसांनी एक पेरायचा, आणि पालक, चुका, शेपू एकाच वेळी कोवळे काढून एकत्र द्यायचे. बी तेवढेच, पाणी तेवढेच. आता त्यांची जुडी परत येत नाही.

घरच्या भगिनींसाठी आजींची रीतही लिहून आणली आहे. मूठभर हरभऱ्याची डाळ भिजवावी. पालकाची जुडी, त्याच्या निम्मा चुका आणि थोडा शेपू चिरून घ्यावा. कांदा, टोमॅटो, बटाटा, हिरवी मिरची, हळद घालून सारे डाळीबरोबर मऊ शिजवावे आणि रवीने घोटावे. वरून लसणाची फोडणी द्यावी. डाळ आणि पाला एकाच भांड्यात, त्यामुळे पोरांच्या पोटात दोन्ही जाते.

तात्यांच्या घरी ही भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर झाली. पालेभाजी पाहून तोंड फिरवणाऱ्या नातवाने ती दुसऱ्यांदा मागून घेतली, असे काकूंनी मला मुद्दाम सांगितले.