बँकेला तू ठाऊक नाहीस

सातारा,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. छकुलीस,


काल रात्री दादाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "पस्तीस वर्षं मास्तरकी केली, कुणाचा रुपया बुडवला नाही, आणि माझ्या पोरीला बँक म्हणते, तुमची काही माहितीच मिळत नाही!" तुझा स्कूटरच्या कर्जाचा अर्ज परत आला, हा त्याला घराण्यावरचा ठपका वाटतोय. फोनवर समजावणं जमलं नाही, म्हणून हे पत्र. तू वाच आणि मग त्यालाही वाचायला दे. तुझ्या आत्याने बँकेत कर्जाच्या टेबलावर इतकी वर्षं काढली, त्यातलं थोडं तरी तुम्हा दोघांच्या कामी यावं.

दादासारख्या माणसांची आख्खी पिढी आपल्याकडे गावोगावी आहे. घर बांधलं ते फंडातून उचल घेऊन, लग्नकार्यं उरकली ती भिशीच्या पैशांतून, फ्रिज आणला तो दोन वर्षं पैसे साठवून. कर्ज हा शब्दसुद्धा या घरांत हळू आवाजात उच्चारला जातो. आणि गावात त्यांची पत अशी, की किराणा दुकानदार वही न उघडता महिन्याचा माल बांधून देतो. ती पत खरीच आहे. फक्त ती दुकानदाराच्या डोक्यात आहे, आणि दुकानदार तुझ्या पुण्यातल्या शाखेत साक्ष द्यायला जात नाही. तिथला अधिकारी पॅन नंबर टाकतो आणि पडद्यावर दोन अक्षरं येतात, 'एनएच'. नो हिस्ट्री. पूर्वी तिथे उणे एक असा आकडा यायचा आणि तो बघून अर्जदाराचा चेहराच उतरायचा. अर्थ एवढाच, की या व्यक्तीने आजवर कर्ज घेतल्याची नोंद नाही, त्यामुळे ती फेडते की बुडवते हे सांगता येत नाही.

आमच्या तालुक्यातला एक कापडदुकानदार तर कर्ज घेणाऱ्यांतला होता. पतसंस्थेतून वर्षानुवर्षं उचल घ्यायचा आणि मुदतीआधी फेडायचा. संस्थेच्या वार्षिक सभेत त्याचा सत्कार झाला होता. मुलासाठी गाडीचं कर्ज काढायला तो बँकेत आला, तेव्हा त्याचंही पान कोरं निघालं. पतसंस्था राज्याच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, आणि तिथली परतफेड सहसा या नोंदवहीपर्यंत पोचत नाही. नारळ आणि शाल घरी ठेवून तो पुन्हा नवशिक्या कर्जदारांच्या रांगेत उभा राहिला. त्या माणसाचं मला फार वाईट वाटलं होतं.

ही नोंदवही कुठली, तेही दादाला सांग. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी समितीच्या शिफारशीवरून २००० साली मुंबईत एक कंपनी स्थापन झाली, क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड. तिचीच आद्याक्षरं म्हणजे 'सिबिल'. २००४पासून तिने सर्वसामान्य कर्जदारांच्या नोंदी द्यायला सुरुवात केली आणि २००५ साली या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पण लोकांच्या तोंडी चौघींचं नाव एकच. 'सिबिल किती आहे?', 'सिबिल खराब झालंय' हे आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. या नोंदींवरून काढलेला स्कोअर ३०० ते ९००च्या दरम्यान असतो. जानेवारी २०२५पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, म्हणजे चुकलेला हप्ता आता तिथे लवकर पोचतो. आणि भरलेलाही.

आकड्यापेक्षा त्याच्या मागचा अहवाल वाचायला शीक. प्रत्येक कर्जापुढे महिन्यांच्या चौकटी असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतच्या. प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेलं असतं. तीन शून्यं म्हणजे वेळेवर भरला. कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याची नजर स्कोअर बघून झाला की या चौकटींवरून फिरते आणि तीन शून्यांची सरळ रांग दिसली की स्थिरावते. दादाच्या शाळेच्या हजेरीपटासारखंच आहे हे. त्याला एवढी उपमा पुरेल.

आता हजेरीपट न कळत कसा सुरू होतो, ते ऐक. लातूरकडचा एक मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला. पहिल्या पगारात त्याने मॉलमधून चोवीस हजारांचा फोन घेतला, बारा हप्त्यांवर, 'नो कॉस्ट ईएमआय'. आपण कर्ज घेतलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या लेखी तो फोन होता. पण दुकानातल्या टेबलावर बसलेला मुलगा एका फायनान्स कंपनीचा होता आणि सही झाली ती कर्जाच्या करारावर. सात हप्ते बिनबोभाट गेले. मग नोकरी बदलली, नव्या कंपनीने नव्या बँकेत पगाराचं खातं उघडलं, आणि जुन्या खात्यात पैसे टाकायचे राहून गेले. हप्ता मात्र तिथूनच कापला जाणार होता. दोन हजारांचा हप्ता बाउन्स झाला, त्यावर दंड लागला, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वसुलीचे मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. तिसरा महिना उलटला. नव्वद दिवस थकलं की ते खातं 'एनपीए', म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं, मग रक्कम दहा हजारांची असो वा दहा कोटींची.

पुढे वसुलीवाल्याने त्याला गाठलं आणि उदारपणे म्हणाला, सहा हजार द्या, मिटवून टाकू. पोराला हायसं वाटलं. त्याने पैसे भरले. अहवालात त्या कर्जापुढे शब्द आला 'सेटल्ड'. याचा अर्थ कर्ज पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलं. दोन वर्षांनी लग्न ठरलं आणि तो घरासाठी कर्ज काढायला गेला, तेव्हा त्या एका शब्दापुढे त्याच्या नव्या पगाराची स्लिप कुणी नीट बघितलीसुद्धा नाही. चार हजार रुपये वाचवले होते त्याने. पूर्ण रक्कम भरून, बेबाकी दाखला हातात घेऊन, अहवालात 'क्लोज्ड' असा शब्द आला की नाही हे बघायचं, एवढं त्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेलं पाच हजारांचं कर्जही याच वहीत जातं. रक्कम कितीही लहान आणि मुदत कितीही कमी असली तरी त्याची नोंद करावीच लागेल, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच बजावलं आहे. तुझ्या खोलीवरच्या मुलींना हे सांग. महिनाअखेरीला दोन ॲपवरून उचल आणि एक तारखेला परतफेड, हे त्यांना हातउसन्यासारखं वाटतं.

आणि हे केवळ कर्जापुरतं राहिलेलं नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली बसलेली असतात. त्यांच्यातल्या किती जणांनी जाहिरातीतली कर्जफेडीची अट वाचलेली असते? मद्रास उच्च न्यायालयासमोर २०२५मध्ये असाच एक उमेदवार उभा होता. स्टेट बँकेने त्याला निवडलं, नेमणुकीचं पत्र दिलं आणि मग कर्जफेडीतली जुनी हयगय अहवालात दिसली म्हणून नेमणूक रद्द केली. आपण ती कर्जं फेडून टाकली आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने बँकेचा निर्णय उचलून धरला. दुसऱ्यांचे पैसे सांभाळायला बसणाऱ्याने स्वतःचे व्यवहार चोख ठेवलेले असावेत, ही अपेक्षा मला चूक वाटत नाही. पण विशीतल्या पोरांना ती अपेक्षा कुठल्याच वर्गात शिकवली जात नाही, हे मात्र मला फार खुपतं.

शिक्षणाच्या बाबतीत न्यायालयाची नजर वेगळी दिसली. मे २०२३मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एक विद्यार्थी आला होता. त्याचं आधीचं एक कर्ज थकलेलं, दुसरं बुडीत खात्यात टाकलेलं, त्यामुळे स्कोअर कमी आणि बँकेने शैक्षणिक कर्ज नाकारलेलं. केवळ कमी स्कोअरवरून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज अडवू नये, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि कर्जाची रक्कम देण्याचा अंतरिम आदेश दिला. आपल्याकडे याच वर्षी मे महिन्यात मुख्यमंत्र्यांनी बँकांना पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका म्हणून तंबी दिली. तीन आकड्यांत माणूस पुरता मावत नाही, हे दोन्हीकडे मान्य झालेलं आहे.

तुझ्यापुरती महत्त्वाची गोष्ट तर कागदावरच आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५च्या निर्देशांत म्हटलं आहे, आणि ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने ते संसदेतही सांगितलं. किमान स्कोअर इतका हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. तेव्हा शाखेत पुन्हा जा, पगाराच्या सहा स्लिपा आणि खात्याचा उतारा ने, आणि अर्ज नक्की कशासाठी परत केला ते लेखी माग. मात्र चिडून एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नकोस. प्रत्येक अर्जाबरोबर एकेक चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि ओळीने पाच चौकश्या दिसल्या की सहावा अधिकारी सावध होतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र काही बिघडत नाही. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल चारही कंपन्यांकडून फुकट मिळतो, २०१७पासून.

स्कूटर मिळो न मिळो, कोऱ्या पानावर पहिली ओळ तू स्वतः लिही. पगाराचं खातं आहे त्याच बँकेत वीस हजारांची मुदत ठेव कर आणि तिच्या तारणावर मिळणारं क्रेडिट कार्ड घे. ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि तारण असल्याने बँक मागची नोंद शोधत बसत नाही. कार्डाची मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी असेल. त्यावर महिन्याला विजेचं बिल आणि किराणा, तीन-चार हजारांच्या आतच. मर्यादेच्या तीस टक्क्यांपलीकडे जायची सवय दिसली की ओढाताण चाललीय असं समजतात. सहसा सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागतो.

एका शब्दापासून लांब राहा, 'मिनिमम ड्यू'. समज, बिल वीस हजारांचं आहे आणि तू त्याच्या पाच टक्के, म्हणजे हजार रुपयेच भरलेस. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६ रुपये. तुझ्या हजारातले मुद्दलात गेले १७४. हजेरीपटावर तीन शून्यं येत राहतात आणि घरात पाणी शिरत राहतं. पूर्ण बिल, देय तारखेच्या आधी, खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सूचना पहिल्याच दिवशी देऊन ठेव.

हा खटाटोप कशासाठी, असं दादा विचारेल. त्याला हा हिशेब दाखव. तीस लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,०३५ रुपये, साडेनऊने २७,९६४. बऱ्याच बँका आता स्कोअर बघून दर ठरवतात. एका टक्क्याचा हा फरक वीस वर्षांत साडेचार लाखांच्या वर जातो.

आता जामीनकीबद्दल, कारण आपल्या घराला ही जुनी खोड आहे. दादा दोन सहकाऱ्यांना नागरी बँकेत जामीन राहिलाय, हे तुला ठाऊक नसेल. १८७२च्या करार कायद्याचं १२८वं कलम सांगतं, की कर्जदाराची जितकी जबाबदारी तितकीच जामीनदाराची. पूर्वी त्याचा अर्थ बहुतेकांना एखादी नोटीस एवढाच वाटायचा. आता नागरी बँकाही माहिती पाठवतात आणि दुसऱ्याचा थकलेला हप्ता जामीनदाराच्या अहवालात उमटू शकतो. दादाचा अहवाल एकदा काढून बघ. आणि तुझ्याकडे ऑफिसातलं कुणी 'फक्त सही हवी' म्हणत आलं, तर आत्याने मनाई केलीय असं बेलाशक सांग.

अहवाल आला की आधी नाव, जन्मतारीख आणि पॅन तपास. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, शिवाय आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. अशा नोंदी दुभंगतात किंवा परक्याच्या नोंदीत मिसळतात. न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या कंपनीकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. एप्रिल २०२४पासूनचा हा नियम आहे आणि तो शाखेत कुणी आपणहून सांगणार नाही.

ठेवीच्या अर्जावर नॉमिनी म्हणून दादाचं नाव घाल, त्याला बरं वाटेल. वीस हजारांपैकी दहा मी पाठवते आहे. ते भाचीला दिलेले पैसे आहेत, उसने नाहीत. वहिनीच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळव. डिसेंबरात येशील तेव्हा अहवालाची छापील प्रत घेऊन ये, चष्मा लावून दोघी बसू.

तुझी,
आत्या