कपाटाची झडती

वऱ्हाडचा उन्हाळा हाच कपाटाचा खरा परीक्षक होय. अमरावती-अकोल्याचा पारा 45 अंशांकडे चढू लागला, की टेरिकॉटचा डौल उतरतो आणि धुऊन धुऊन मऊ झालेला सुती सदरा सन्मानाने वरच्या खणात येतो. कपाट लावावयाचे ते ऋतूच्या हिशेबाने, हौसेच्या नव्हे, हा आमचा सिद्धान्त यंदा आम्ही अमलात आणीत आहो.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. पण कापूस पिकविणाऱ्याच्या घरी नवे वस्त्र आजही सणासुदीची वाट पाहते. हे आठवले, की न घातलेले बारा सदरे डोळ्यांत सलतात.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी ठिगळांच्या वस्त्रावर जन्म काढला. ते वैराग्य आम्हांस पेलणार नाही. पण तीन ढीग करणे साधेल: वापराचे, दुरुस्तीचे आणि देण्याचे. जे आपण स्वतः चारचौघांत घालू, तेच द्यावे. दानाच्या नावाखाली केर दुसऱ्याच्या दारी लोटू नये. नवी खरेदी त्यानंतर, आणि तीही गरजेपुरती.

राहता राहिले मातोश्रींचे नऊवारी लुगडे. ते नेसणारे कोणी उरले नाही, आणि ते कोणास देववत नाही. त्याची गोधडी शिवावी असे आम्ही ठरविले आहे. येत्या थंडीत ते कपाटात नसेल, नातवंडांच्या अंगावर असेल.