कान तुटलेला कप

लिंबायतमधल्या आमच्या घराच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या अंगाला एक कोनाडा होता. त्यात एक कप उपडा ठेवलेला असे. पांढरा, निळ्या किनारीचा, कान तुटलेला. घरातले बाकीचे कप आत फळीवर असत. हा मात्र बारा महिने बाहेर. तो कोणाचा हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि त्याविषयी कोणी बोलत नसे.

वडील 1970 च्या सुमारास धुळे जिल्ह्यातून सुरतेला आले. दोंडाईच्याला गाडीत बसायचे, उधन्याला उतरायचे आणि आधी आलेल्या एखाद्या गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायची, हा त्या काळच्या खानदेशी माणसाचा ठरलेला रस्ता. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती. आम्ही पोरे तिन्ही भाषांत भांडू शकत असू. पण वाण्याने बोलता बोलता सहज "तमे तो बहारना" म्हटले की वडिलांचा चेहरा उतरे. रात्री जेवताना ते म्हणत, "इतकी वर्षं इथं कापड विणतोय, तरी बाहेरचेच." तो घास आमच्याही घशात अडके. अपमान म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. निदान तसे मला वाटत असे.

1983 साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि आमच्या गल्लीतही संघ उभा राहिला. बॅट माझी होती, म्हणून पहिल्यांदा फलंदाजीला मी. पण संघाचा खरा आधार होता तो आमचा डावखुरा गोलंदाज. गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. तिथे एकाचा धागा तुटला की दुसरा धावून जाई. गावी मात्र त्यांची वस्ती वेशीबाहेर होती आणि आमचे घर वेशीच्या आत. ही वेस गाडीत बसून आमच्याबरोबर सुरतेला आली होती.

सामना संपला की सारी पोरे आमच्या ओट्यावर चहाला जमत. आई किटलीभर चहा करी. त्याचा चहा त्या कपात, वरून ओतून. पिऊन झाल्यावर तो स्वतःच कप विसळून कोनाड्यात उपडा घाली. एखाद्या वेळी तो कप मी चुकून आत नेला, तर आई हळूच म्हणे, "त्याना कप कोनाडामा ठेव." तिच्या आवाजात राग नसे. सवयीला राग लागत नाही. आम्हा पोरांना मात्र एकच गंमत वाटे, की हा सारे काही डाव्या हाताने करतो आणि चहा तेवढा उजव्या हाताने पितो! त्यावरून आम्ही त्याची थट्टा करायचो.

एकदा पलीकडच्या सोसायटीशी सामना ठरला. कप्तान कोण, असा प्रश्न आला. एक धाकटा मुलगा त्याचे नाव घेऊन गेला. मोठ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "त्याच्या हातात चेंडू आहे की. आणखी काय पाहिजे?" कप्तान मी झालो. मला क्षेत्ररक्षण लावता येत नसे. तो हळूच बोटाने खुणा करी आणि मी मोठ्याने हुकूम सोडी. सहा गडी त्याने बाद केले. खांद्यावर मला घेतले.

पुढे मी शिक्षक झालो. वाचनाचा नाद होता. त्यात कधीतरी पालवणकर बंधूंची हकीकत हाती लागली आणि तो कोनाडा डोळ्यांपुढे उभा राहिला.

पालवणकर बाळू चांभार समाजातले, जन्म 1876 चा. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टीची निगा राखायला महिना तीन रुपयांवर लागले. मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथे साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र हाती मिळायची नाही. डाव्या हाताची ही संथ फिरकी इतकी तयार झाली की पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे तर त्यांच्यावाचून इलाज उरला नाही. बरीच भवति न भवति होऊन त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पानही वेगळे.

पुढे ते मुंबईला आले. त्या वेळी तिथले मोठे सामने धर्मावार संघांत होत. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला.

इतके होऊनही कप्तानी नाही. 1920 च्या चौरंगी सामन्यांत नेहमीचे कप्तान पै आजारी पडले. ज्येष्ठ म्हणून मान बाळूंचा होता. कप्तानी गेली दि. ब. देवधरांकडे आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायलाच नकार दिला आणि आपले कारण जाहीरपणे सांगितले. अखेर पै परतले, बाळूंना उपकप्तान केले, भाऊ पुन्हा खेळले. अंतिम सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे बाळूंना नेतृत्व करता यावे. बाळूंच्या वाट्याला आली ती एवढीच, उसनी कप्तानी. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

हे काही आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना कित्येक दशके मज्जाव होता. त्यांच्या लीग निराळ्या. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनी त्याला आधीच बजावले होते, शिव्या खाव्या लागतील, उलट उत्तर द्यायचे नाही. संघ बाहेरगावी गेला की काही हॉटेलांत बाकीच्यांना खोल्या मिळत, त्याला नाही. ऑक्टोबर 1972 मध्ये भर मैदानात आपला सत्कार होत असताना तो म्हणाला, की एखाद्या संघाची सूत्रे काळ्या माणसाच्या हाती पाहायला आवडेल. नऊ दिवसांनी तो वारला. ती सूत्रे मिळाली 1975 साली, फ्रँक रॉबिन्सनला. आज दर 15 एप्रिलला तिथले सारे खेळाडू जॅकीचा 42 हा आकडा अंगावर घालतात.

पुण्यातला तंबू आणि ब्रुकलिनचे मैदान, दोन्हीकडे रीत एकच दिसते. गुणी माणसाच्या हातचा विजय आपण आधी घेतो. त्याच्या हाताखाली खेळणे आणि त्याच्या पंक्तीला बसणे, हे फार उशिरा जमते. मधल्या काळात आपण स्वतःला उदार समजत असतो. आम्हीही समजत होतो. "आमच्या संघात भेदभाव नाही," असे मी कॉलेजात अभिमानाने सांगत असे.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्याच्या घरी गेलो. आता तो डिंडोलीत राहतो. सुनेने ट्रेमध्ये चहा आणला. नवे, नक्षीचे कप. मी कप हातात घेतला आणि इतक्या वर्षांचे ओठांवर आले.

"तो कोनाड्यातला कप..." मी म्हणालो आणि पुढे शब्द सुचेना.

तो हसला. "अरे, काकूंनी साखर कधी कमी घातली नाही हं. मला मिळालेला चहा गोडच होता." मग जरा थांबून म्हणाला, "फक्त कान नव्हता ना त्याला. बोटं भाजायची. फिरकी टाकणाऱ्याची बोटं गेली तर काय उरलं? म्हणून मी उजव्या हातात धरायला शिकलो. डावा हात संघासाठी राखून ठेवायचा."

मी चहा प्यायलो. क्षमा मागायला गेलो असतो तर त्यानेच मला सावरून घेतले असते, जसा तो पूर्वी क्षेत्ररक्षण लावून देत असे. म्हणून गप्प राहिलो. या वेळचे गप्प राहणेही बरोबर होते की नाही, मला सांगता येत नाही.

उजव्या हाताने चहा पितो म्हणून आम्ही त्याला हसत होतो. तोही हसत असे.