तीन अंदाजपत्रकं

आमचं गावचं घर दापोली तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली, तेव्हा मिळतील ती कौलं आणि वर ताडपत्री टाकून वेळ मारून नेली. ती 'तात्पुरती' सोय अजून चालू आहे! यंदा मात्र आईने जाहीर केलं की माजघरात आता बादल्या लावणार नाही.

म्हणून दिवाळीत तिघांना बोलावलं. पहिला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला दोन लाख सत्तर हजार. दुसरा साडेचार लाख. बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वेगळा, हे मात्र दोघांनीही आवाज खाली आणून सांगितलं.

मला वाटलं, दुसरा पुण्याचा माणूस बघून लुटतोय. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. घर चाळीस बाय पंचवीस, म्हणजे हजार चौरस फूट. पहिल्याने तेवढंच धरलं होतं. पण छप्पर काही जमिनीवर अंथरलेलं नसतं. चारी बाजूंना दोन-दोन फूट वळचण, त्यात उतार. जवळजवळ दीड हजार फूट भरलं. म्हणजे पंधरा ब्रास, ब्रासला दीडशेच्या आसपास कौलं. दर बघावा तर एकाचा २७०, दुसऱ्याचा ३००. स्वस्त माणूस फारसा स्वस्त नव्हताच, उरलेले पैसे तो मे महिन्यात मागणार होता. छप्पर उघडं, पाऊस दारात, तेव्हा कोण घासाघीस करतं?

तिसरे आमचे जुने सुतार. त्यांनी कागद मागितलाच नाही. शिडी लावून चढले आणि वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचला. अर्धा आत गेला. पुढचा वासा टणक. त्याच्या पुढचा परत भुसभुशीत.
"कौलं उतरल्याशिवाय आकडा नाय सांगता येणार, भाऊ," म्हणाले. "सांगितला तर खोटा सांगीन."

पंचाईत अशी, की घर तिघा भावांचं. बाबा गेले, दोन काका मुंबईत. पावणेतीन लाखांना दोघेही हो म्हणतील. पाच-सहाचा आकडा ऐकला की पाडून स्लॅब टाकायची गोष्ट निघणार, आणि मग विकायची. दोन दिवस मी स्वस्तातलाच कागद पाठवायचा विचार करत होतो, हे कबूल करतो. आईला तर तेच हवं होतं.

शेवटी दोन्ही कागद पाठवले, खाली माझं गणित आणि सुतारांचं टोचणंही लिहिलं.

आठ दिवस काही उत्तर नाही. मग काल थोरल्या काकांचा फोन. पैशांचं अवाक्षर नाही.
"अरे, ओटीवरचा झोपाळा ज्या तुळईला आहे, ती टोचून बघितली का?"

नव्हती बघितली.